रिकाम्या कंटेनरचं वजन

बंदराच्या फाटकाशी वजनकाटा आहे. त्याच्या खोलीत एकतीस वर्षं एकच माणूस बसत आला होता. खोली कसली, काचेची पेटीच ती. एक खिडकी बंदराकडे, एक रस्त्याकडे, मध्ये टेबल, टेबलावर आकडा दाखवणारं यंत्र आणि पावत्यांचा गठ्ठा. ट्रक काट्याच्या लोखंडी पाटावर चढायचा, आकडा स्थिर झाला की हा पावतीवर लिहायचा, सही ठोकायचा आणि खिडकीतून हात बाहेर काढायचा. सगळे त्याला काटेमास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण जन्माचा संशयी. दुकानदाराने न मागता पिशवी दिली तरी हा आधी पिशवीला भोक आहे का ते बघणार. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाणी कुठंतरी मुरतंय." आणि खरं सांगायचं तर दहातल्या सात वेळा ते मुरत असायचं. म्हणून तर ती खोड वाढत गेली.

टेबलाच्या खणात त्याची स्वतःची एक वही होती. तिच्यात रोज दोनच आकडे: आज काट्यावरून किती टन माल देशात आला आणि किती टन बाहेर गेला. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "देशाचं काय चाललंय ते मंत्र्यांना सहा महिन्यांनी अहवाल आला की कळतं," तो म्हणायचा, "मला जेवणाच्या सुट्टीआधी कळतं."

आणि गेली दोन वर्षं जे चाललं होतं ते त्याच्या पचनी पडत नव्हतं. सरकारने हात सैल सोडला होता. टेकडीवर सातशे खाटांचं इस्पितळ, खाडीवर पूल, रस्ते रुंद करायचं काम, वर सगळ्या नोकरदारांना पगारवाढ. ज्याच्या त्याच्या खिशात पैसा खुळखुळत होता. चांगलंच आहे की, तुम्ही म्हणाल. पण काट्यावर काय दिसत होतं ते ऐका. बंदरातून बाहेर पडणारे ट्रक असे लादलेले की टायर बसलेले. पुलाच्या सळ्या, इस्पितळाच्या फरशा, लिफ्ट, एसी, आणि पगारवाढीच्या पाठोपाठ फ्रिज, टीव्ही, मोबाइल. सगळं परदेशातून. आणि उलट्या बाजूने, शहरातून बंदराकडे? रिकामे कंटेनर. पूर्वी दहातले सहा भरून जायचे. चपला, पंप, खुर्च्या, काय काय जायचं इथून. आता दहात एक. बाकीचे नऊ नुसता वारा भरून जहाजावर चढायचे आणि तिकडून पुन्हा गच्च होऊन यायचे.

"सरकार खर्च करतंय इथं आणि पैसा पोचतोय तिकडं," तो म्हणायचा. "कुणीतरी खातंय." कुणी खाल्ल्याशिवायही एखादी गोष्ट बिघडू शकते, हे त्याला पटतच नसे.

ते पटवून देणारं माणूस त्याच्या घरातच होतं. थोरल्या भावाची बायको, त्याची वहिनी. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती. काटेमास्तरची बायको तर त्याच्याही आधी गेली, मुलगी चार वर्षांची असताना, आणि त्या पोरीची वेणीफणी, ताप-खोकला, शाळा सगळं वहिनीनेच काढलं. घर एकच. वर राहायच्या खोल्या, खाली वहिनीचा पितळी बिजागऱ्यांचा कारखाना. भावाने काढला, वहिनीने चालवला. एके काळी बावीस माणसं खपायची तिथं, आता पाच बायका उरल्या होत्या. गिऱ्हाईकही एकच उरलं होतं, परदेशातला एक व्यापारी. त्याने स्पष्ट कळवलं होतं की दर आठवड्याचा माल चुकला तर मी दुसरीकडून घेईन. तो गेला की कारखान्याला कुलूप, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

"भावजी, कुणी खात नाहीये," वहिनी हातातली कानस खाली ठेवून सांगायची. "माझा पॉलिशवाला इस्पितळाच्या बांधकामावर गेला. का गेला? तिथं दीडपट मजुरी मिळते. मी दीडपट दिली तर माझी बिजागरी महाग होते, तिकडचा व्यापारी तोंड फिरवतो. नाही दिली तर पॉलिश काय आपोआप होतंय? आणि जहाजवाल्यांना माझ्यासाठी वेळ कुठाय. इकडं माल आणायची एवढी घाई की कंटेनर उतरला रे उतरला की रिकामाच परत पळवतात. माझ्या वीस खोक्यांसाठी दोन दिवस थांबायला ते काय माझे व्याही लागतात?"

"आणि इस्पितळाच्या दारांना बिजागऱ्या कुणाच्या?"

"बाहेरच्या. स्वस्त पडल्या त्यांना." मग ती गुडघा चोळायची. "शिव्या तरी कुठल्या तोंडाने घालू? उद्या हा गुडघा बदलायचा झाला तर मीच त्या दारातून आत जाणार आहे."

काटेमास्तर मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, वहिनी भोळी आहे. तरी तिचं चालावं म्हणून तो आपल्या परीने करायचा. काट्याच्या जुन्या पावत्या तीन वर्षं झाली की रद्दीत जायच्या. त्यांचे गठ्ठे तो तिला आणून द्यायचा. पितळेवर ओरखडा पडू नये म्हणून ती एकेक बिजागरी त्या कागदात गुंडाळायची. दर बुधवारी एक टेम्पो येऊन खोकी घेऊन जायचा, तेव्हा काटेमास्तर कामावर असायचा. माल पुढे कसा जातो हे त्याने कधी विचारलं नाही. सगळ्या जगात एकच माणूस असं होतं ज्याच्यावर संशय घ्यायचं त्याला सुचत नसे, आणि ती वहिनी.

आता जावयाकडे येऊ.

जावई बंदराजवळच्या यार्डात सुपरवायझर होता. शहरात माल उतरवून झालेले कंटेनर त्या यार्डात जमायचे आणि तिथून जहाजावर परत जायचे. तीन वर्षं झाली होती लग्नाला. पोरगा शांत, हसतमुख, मामा मामा करत मागेपुढे करणारा. एवढा गोड बोलणारा माणूस काटेमास्तरला पहिल्या दिवसापासून जरा जास्तच गोड वाटला होता, पण मुलगी खूश होती म्हणून गप्प बसला.

मग एका गुरुवारी जावयाच्या यार्डातून आलेला एक रिकामा कंटेनर काट्यावर चढला. प्रत्येक कंटेनरच्या दारावर त्याचं स्वतःचं रिकामं वजन रंगवलेलं असतं. याच्या दारावर होतं दोन हजार दोनशे तीस किलो. ट्रकचं वजन वजा केलं तर काट्यावर भरले दोन हजार सहाशे चाळीस.

चारशे दहा किलो जास्त. रिकाम्यात.

काटेमास्तरने आधी काट्यावर संशय घेतला. दुपारी कसोटीची वजनं मागवून ठेवून पाहिली. काटा सरळ होता. मग ट्रकवाल्याला विचारलं, टाकीत डिझेल किती. टाकी अर्धी. मग कंटेनरची जमीन. ती प्लायवूडची असते, पावसाचं पाणी पिते, पन्नास-साठ किलो भरते, फार तर शंभर. पण दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. पुढच्या गुरुवारी तीनशे नव्वद जास्त भरले. त्याच्या पुढच्या गुरुवारी चारशे तीस. असे आठ गुरुवार गेले. कागदावर प्रत्येक वेळी जावयाची सही: रिकामा.

तिथल्या तिथं ट्रक अडवून दार उघडायला सांगायचं होतं. ते त्याने केलं नाही. पावती फाडली, सही केली, आणि वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा टिपून ठेवला. चोर पकडायचा तर पुराव्यानिशी, असं तो स्वतःला सांगायचा. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यालाही कळत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दार उघडलं की मुलीचा संसार उघड्यावर येणार, या भीतीने त्याचा हात खिडकीतून बाहेर जायच्या ऐवजी पावतीकडेच जायचा.

आत काय असेल याचा अंदाज त्याने केव्हाच बांधला होता. तांबं. इस्पितळाच्या बांधकामावरून तांब्याच्या नळ्या चोरीला जातात असं पेपरात येऊन गेलं होतं, आणि यार्डाची मागची भिंत त्या बांधकामाच्या गोदामाला लागून होती. झालं, सगळं जुळलं. सरकार खर्च करतंय आणि माझा जावई तो रिकाम्या कंटेनरमध्ये भरून देशाबाहेर पाठवतोय. कुंपणच शेत खातंय, आणि कुंपण माझ्याच अंगणातलं.

रविवारी तो मुलीकडे जेवायला गेला. न्हाणीघराबाहेर नवंकोरं वॉशिंग मशीन उभं.

"हे कधी आलं?"

"मागच्या महिन्यात. ह्यांचा पगार वाढला ना."

"एवढा वाढला?"

"सगळ्यांचाच वाढलाय, बाबा. तुमचाही वाढला." मुलीने भाजी वाढता वाढता त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही गप्पा मारताय की जबानी घेताय?"

जेवणं झाल्यावर जावई हात पुसत बाहेर आला. काटेमास्तरने सहज बोलल्यासारखं केलं. सहज बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"जावईबापू, तुमचे रिकामे कंटेनर हल्ली जड भरतात हो."

जावई थांबला. सासऱ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "फळी ओली असेल, मामा."

"पाऊस कुठाय?"

"म्हणूनच म्हटलं, असेल." त्याने काटेमास्तरच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आहात म्हणून निभावतंय बघा सगळं."

काटेमास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय हा निर्लज्जपणा. मला सामील धरतोय, माझ्या तोंडावर. एकतीस वर्षांत एक किलो इकडचा तिकडे केला नाही, आणि हा कालचा पोरगा माझ्या खांद्यावर हात ठेवून मला आपल्या चोरीत भागीदार करतोय. त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. उद्या हे बाहेर आलं तर आठही पावत्यांवर सही कुणाची? माझी. आणि आत्ताच कान पिळला तर पोराला दम देऊन सोडतील, नोकरी गेली तरी तुरुंग टळेल. पुढे मोठं लफडं करून पोरीला रस्त्यावर आणण्यापेक्षा हे बरं. असं सगळं त्याने स्वतःला समजावलं. संशयी माणसाची गंमत असते, स्वतःच्या कारणांवर तो कधी संशय घेत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या हाताने, वेडंवाकडं, कस्टमच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. नाव नाही, गाव नाही. अमुक यार्डातून दर गुरुवारी रिकामा म्हणून जाणारा कंटेनर रिकामा नसतो. आणि खाली आठ गुरुवारांच्या तारखा, कंटेनरचे नंबर, आणि जास्तीचं वजन: चारशे दहा, तीनशे नव्वद, चारशे तीस, चारशे... 'अंदाजे' एवढा एक शब्द घातला असता तरी चाललं असतं. पण अंदाजे लिहायची त्याच्या हाताला सवयच नव्हती, डाव्याही नाही. पत्र त्याने घरापासून लांब, तिसऱ्या चौकातल्या पेटीत टाकलं.

नवव्या गुरुवारी सकाळी दहाला कस्टमचे साहेब दोन शिपाई घेऊन काट्यावर येऊन बसले. वयस्क, दमलेले, चष्मा कपाळावर सरकवून ठेवणारे गृहस्थ. कंटेनर आला तसा त्यांनी ट्रक काट्यावरच थांबवला आणि यार्डातून सुपरवायझरला बोलावून घेतलं. जावई धावतच आला. काटेमास्तर आकड्याकडे बघत होता. चारशे वीस जास्त.

"उघडा," साहेब म्हणाले.

दारं करकरत उघडली. आत लांबच्या लांब काळोख, आणि पार शेवटच्या टोकाला भिंतीला टेकवून रचलेली लाकडी खोकी. काटेमास्तर शिपायाच्या मागोमाग आत चढला. त्याला तांबं बघायचं होतं. मन घट्ट करून आला होता तो. शिपायाने पहार घालून एका खोक्याचं झाकण उचकटलं. आत कागदात गुंडाळलेल्या पुड्या, एकीला एक लागून नीट बसवलेल्या. साहेबांनी एक पुडी उचलून उलगडली.

पितळी बिजागरी निघाली. चार इंची, कडा गोल घासलेली. ती कड कुणाच्या हातची आहे हे काटेमास्तर आंधळा असता तरी बोट फिरवून सांगू शकला असता. तिच्या कानशीचा आवाज ऐकत तो तीस वर्षं सकाळचा चहा पीत आला होता. त्याने खोक्याचाच आधार घेतला.

साहेबांचं लक्ष बिजागरीकडे नव्हतं. ते कागद बघत होते. त्यांनी दुसरी पुडी उलगडली, तिसरी उलगडली. सगळ्या वजनकाट्याच्या पावत्या. "ही सही कुणाची?"

"माझी," काटेमास्तर म्हणाला.

"साहेब, त्यांचा काही संबंध नाही," जावई पुढे झाला. "यार्डातून मी—"

"तुम्ही गप्प बसा," काटेमास्तर त्याच्यावर ओरडला, आणि मग साहेबांकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचं होतं, आणि ते त्याला अगदी सुरळीत जमलं. "माल माझ्या घरचा आहे. मीच भरून पाठवत होतो. या पोराला आत काय जातं ते माहीत नाही. रिकामा म्हणून पावती मी फाडतो, काटा माझ्या हातात. लिहून घ्या."

जावई त्याच्या जवळ सरकला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. वहिनीला तोही मुलीसारखंच काकू म्हणायचा. "मामा, कशाला सगळं स्वतःवर घेताय? काकू तर पहिल्यापासून म्हणत होत्या, भावजींना काट्यावर कळणारच, पण कळलं तरी ते एका शब्दाने बोलणार नाहीत, निमूट पावती देतील. आणि तुम्ही दिलीत. तुम्ही त्या रविवारी जड कंटेनरची चेष्टा केलीत ना, ती मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन काकूंना सांगितली. किती हसल्या त्या."

काटेमास्तरने उलगडलेली पावती उचलून पुन्हा बिजागरीभोवती गुंडाळली.

"व्यापाऱ्याचा मेहुणाच आहे तिकडच्या यार्डात," जावई साहेबांना सांगत होता. "तो उतरवून घेतो. चोरीचा माल नाही, साहेब. घाम गाळून केलेला आहे."

"मग कागदावर दाखवून पाठवायचा," साहेब म्हणाले.

"कागदावर दाखवला असता तर कंपनीने कंटेनर दिलाच नसता. त्यांना तो रिकामाच लवकर हवा असतो."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "वरून रोज पत्रं येतात आम्हाला, निर्यात का घटली, निर्यात वाढवा. आणि जी काय जातेय ती ही अशी." मग त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. "पण मास्तर, तुमची जबानी मला लिहून घेता यायची नाही. हे पत्र आलंय आमच्याकडे, निनावी. ऐका." आणि ते वाचायला लागले. पहिला गुरुवार, चारशे दहा. दुसरा गुरुवार, तीनशे नव्वद. तिसरा, चारशे तीस. कंटेनरमध्ये आवाज घुमत होता. त्यांनी आठही आकडे वाचले. "रिकाम्या म्हणून गेलेल्या कंटेनरचं दहा किलोपर्यंत बरोबर वजन या शहरात किती जणांना माहीत असेल? गुन्हा करणाऱ्यानेच तक्रार केली, असं लिहू का मी?"

काटेमास्तरने जावयाकडे पाहिलं. पोराला समजायला जरा वेळ लागला. साहेबांच्या हातातला कागद, मग सासरा, मग पुन्हा कागद. राग नाही, आदळआपट नाही. त्याने फक्त डोळे पुसले आणि काटेमास्तरपासून दोन पावलं बाजूला जाऊन उभा राहिला.

बाकी सगळं रीतसर झालं. माल जप्त. जप्त माल वजन करून घ्यावा लागतो, म्हणून वीसही खोकी काट्यावर ठेवली गेली. चारशे वीस भरली, बरोबर. काटेमास्तरने पावती लिहिली आणि खाली सही केली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कारखान्याचं दार उघडंच होतं. पाचही बायका गेलेल्या. वहिनी कामाच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर. जावई येऊन सगळं सांगून गेला होता हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. काटेमास्तर उंबऱ्यातच उभा राहिला.

"आत काय असेल वाटलं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"तांबं."

"इस्पितळाचं?"

"हो."

तिने मान हलवली, जणू हिशोब लागला. "ट्रकवाल्याला विचारलंत टाकीत डिझेल किती. पोरीला विचारलंत मशीन कुठून आलं. काट्याला सुद्धा विचारलंत तू खरं बोलतोस का. मला एकदा विचारायचं होतंत, भावजी. मी तर रोज खालीच बसलेली असते."

"तुमच्यावर संशय नव्हता, वहिनी. देवाशप्पथ नव्हता."

"तेच तर म्हणते. संशय असता तर विचारलं असतंत." ती बाकाला धरून उठली, गुडघा सांभाळत जिन्याकडे गेली. "मी भोळी. मला वाटलं, तुम्ही आमच्यासाठी गप्प आहात."

त्या रात्री ती वर जेवायला बसली, त्याला वाढलंही. पण त्या दिवसापासून तिने त्याला भावजी म्हणून हाक मारली नाही. हाकच मारली नाही म्हणा ना. ताट मांडलं की भांडं जरा जोरात ठेवायची, आणि तो येऊन बसायचा.

व्यापाऱ्याचा माल चुकला. पुढचाही चुकला. तिसऱ्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, दोन ओळींचं, आणि खालच्या दाराला कुलूप लागलं. पाच बायकांचं काय झालं म्हणाल तर काही वाईट झालं नाही. पाचही जणींना टेकडीवरच्या इस्पितळात साफसफाईचं काम मिळालं, कारखान्यापेक्षा जास्त पगारावर. जावयाला यार्डाने काढून टाकलं, दंडही बसला. पण त्यालाही आठवड्याच्या आत इस्पितळाच्या गोदामावर घेतलं. सरकारचा खर्च चालूच होता. हातांना काम कमी नव्हतं. फक्त त्या हातांनी केलेलं बाहेर काही जात नव्हतं. आणि काटेमास्तरला बंदराने दक्षतेबद्दल प्रशस्तिपत्र दिलं, चौकटीत घालून. ते त्याने टेबलाच्या खणात, वहीच्या खाली, पालथं घालून ठेवलं.

मुलगी एकदा येऊन गेली. काकूंना भेटली, त्यांचे पाय चेपून दिले, आणि जाताना जिन्यात बापाशी गाठ पडली तेव्हा म्हणाली, "ह्यांना थोडे दिवस जाऊ द्या, बाबा." किती दिवस, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

महिन्याभराने, भर दुपारी, बंदरातून एक ट्रक काट्यावर चढला. इस्पितळाचा माल. कागदावर लिहिलं होतं: दरवाजांच्या बिजागऱ्या, तीन टन शंभर किलो. गोदामाचा माणूस माल ताब्यात घ्यायला स्वतः आला होता, ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. काटेमास्तरने मान वर केली आणि काचेपलीकडे जावई दिसला. जरा वाळला होता. दाढी वाढली होती.

आकडा स्थिर झाला. ट्रकचं वजन वजा जाता तीन हजार शंभर, दहा किलोही इकडे नाहीत की तिकडे नाहीत. काटेमास्तरने पावती लिहिली. लिहिताना तो मनाशी शब्द जुळवत होता. चुकलो म्हणावं, घरी या म्हणावं, निदान जेवलात का विचारावं. त्याने हात खिडकीतून बाहेर काढला, आणि पावती बोटांत धरून ठेवली, सोडली नाही.

"जावईबापू," तो म्हणाला, "आकडा एकदा बघून घेता?"

जावयाने पावतीचं दुसरं टोक धरलं होतं. त्याने कागदाकडे पाहिलं नाही.

"कशाला?" तो म्हणाला. "तुमचा आकडा बरोबरच असतो, साहेब."

काटेमास्तरची बोटं सुटली. ट्रक टेकडीच्या रस्त्याला लागला. मागे एक रिकामा कंटेनर थांबला होता. त्याच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि गाडी पाटावर चढवली. दारावर रंगवलं होतं दोन हजार दोनशे वीस, आणि काट्यावरही तेवढेच भरले. काटेमास्तरने लिहिलं, रिकामा, आणि खाली सही केली.